डाग की तीळ?

नवी वस्तू स्वच्छ असते, अशी आपली सर्वांची एक भाबडी समजूत आहे. ती कुणी आणि केव्हा पसरवली कोण जाणे. पण ज्या बाईने उभ्या आयुष्यात एकदा तरी नवा पाटा-वरवंटा घरात आणला असेल, तिच्यापुढे ही समजूत टिकायची नाही. पाथरवटाकडून आलेला पाटा दिसायला कसा देखणा! टाकीच्या टिंबांची सारखी नक्षी, वर करडा तजेला. पण त्यावर पहिल्याच दिवशी चटणी वाटाल, तर पानावरचा पहिलाच घास दाताखाली करकरेल. म्हणून आधी त्यावर मूठभर भिजवलेले तांदूळ वाटायचे आणि टाकून द्यायचे. पुन्हा वाटायचे, पुन्हा टाकायचे. दर खेपेला चिमूटभर वाटण दोन बोटांत चोळून पाहायचे. कच लागते का? कच लागायची थांबली, की पाटा आपल्या घरचा झाला.

जात्याचे तसेच, माठाचे तसेच. नव्या माठातले पहिले दोन दिवसांचे पाणी झाडांना घालायचे. बिडाचा तवा आणला, तर त्याच्या अंगावरचा काळा तेलकट लेप घासून काढताना हात कोपरापर्यंत रंगतात. नव्या लुगड्याची खळ उतरल्यावाचून ते अंगाला बिलगत नाही. फार काय, नुकते जन्मलेले मूलही आईच्या कुशीतून येताना अंगावर पांढरा चिकट लेप घेऊनच येते. पूर्वी सुइणी तो घाईघाईने खसाखसा पुसून काढीत. आता डॉक्टर सांगतात, असू द्या, घाई करू नका. तो त्याच्या नाजूक कातडीचे रक्षण करतो. एकूण काय, नवेपणा म्हणजे कोरेपणा नव्हे. नव्या वस्तूलाही मागचा जन्म असतो आणि त्या जन्माची धूळ ती अंगावर घेऊनच आपल्या दारात उभी राहते.

या श्रावणात आमच्या घरी एक नवी वस्तू आली आणि तिच्यापायी हे सारे पुन्हा मनात आले. ही वस्तू म्हणजे एक रायफल. दचकू नका! आमच्या घरात कुणी दरोडेखोर नाही की शिकारी नाही. माझी नात नेमबाजी करते. पन्नास मीटरवर, म्हणजे जवळजवळ आमच्या गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडाइतक्या अंतरावर, एक कागद लावलेला असतो. त्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा. त्या गुंडीवर साडेपाच मिलिमीटरहून किंचित अधिक जाडीची शिशाची गोळी नेऊन टेकवायची; एकदा नव्हे, साठ-साठ वेळा. मला तर त्या अंतरावरून गुंडी दिसायचीही नाही.

आमच्या कोल्हापुरात पूर्वी मुलगा जरा अंगाने भरला की त्याला तालमीत धाडीत. आता मुलगी जरा वेळ स्थिर उभी राहू लागली की तिला रेंजवर धाडतात, असे मी थट्टेने म्हणते. पण थट्टेत थोडे खरेही आहे. २०१० साली म्युनिकला आमची तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये याच पन्नास मीटरच्या रायफलीने ब्राँझ पदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीहून खाशाबा जाधवांनी कुस्तीचे ब्राँझ आणले होते, त्याला तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती. त्या रात्री आमच्या गल्लीत ज्यांनी जन्मात बंदूक पाहिली नव्हती, तीही माणसे नीलिंग आणि स्टँडिंग या विषयांवर अधिकारवाणीने बोलत होती.

नेमबाजीचे आणि मराठी माणसाचे आणखीही एक नाते आहे. देशाच्या रायफल संघटनेचा पाया १९५१ साली घातला गेला, तो पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेल्या दादासाहेब मावळंकरांच्या पुढाकाराने. पांढऱ्या टोपीतल्या त्या शांत गृहस्थाच्या नावाने आजही अखिल भारतीय स्पर्धा भरते आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पायरीवर चढण्यासाठी होतकरू नेमबाज तिच्यात उतरतात. यंदा आमच्या नातीला तिच्यात उतरायचे होते.

आजवर तिने क्लबच्या रायफलीवर सराव केला होता. एक रायफल आणि चार पोरी! एकीच्या उंचीला लावलेला दस्ता दुसरीने बदलायचा, तिसरीने पुन्हा बदलायचा. शेवटी स्वतःची रायफल घ्यायची ठरली. परवान्याचे कागद, आयातीचे कागद, यात वर्ष गेले. पैशांचे काय केले, हे माझ्या मुलाने कुणालाच सांगितले नाही. पण नदीकाठचा आमचा दहा गुंठ्यांचा तुकडा यंदा दुसऱ्याच्या उसाने हिरवा झाला आहे, तेवढे मला बसमधून दिसते. माझा मुलगा बोलण्याच्या बाबतीत मोठा कंजूष. पेटी घरी आली त्या दिवशी तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला, कुलूप एकदा हलवून पाहिले आणि म्हणाला, “नीट ठेव.” झाले!

पेटीतून रायफल निघाली तशी एक छोटीशी जाड कागदाची पट्टीही निघाली. तिच्यावर कारखान्यात झाडलेल्या दहा गोळ्यांची भोके होती. भोके म्हणायचे आपले. दहा गोळ्या एकमेकींच्या अंगावर पडून एकच वेडेवाकडे भोक झाले होते. “आजी, ही हिची पत्रिका,” नात म्हणाली. नळीवर बारीक शिक्केही होते. त्यातला एक होता सांबराच्या शिंगाचा. जर्मनीत उल्म नावाचे गाव आहे. १८७९ साली आइन्स्टाइन जन्मला तेच. तिथल्या बंदूक-परीक्षागृहाची ही खूण. कारखान्यात तयार झालेली नळी तिथे जाते, नेहमीपेक्षा अधिक दाबाची काडतुसे तिच्यातून झाडतात आणि ती फुटली-फुगली नाही, तरच शिंगाचा शिक्का बसतो. ही चाल फार जुनी. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या मंडळाला १६३७ साली सनद मिळाली आणि त्यांचेही काम हेच, दुसऱ्याच्या हातात देण्याआधी नळीची परीक्षा घेणे.

तेव्हा आता हिशेब करा. “नवी कोरी” म्हणून आलेली ही नळी खरे तर किती पाण्यांतून न्हाऊन आली होती! आत खाचा पाडतानाचे तेल. ती गुळगुळीत करण्यासाठी फिरवलेल्या बारीक लेपाचा अंश. परीक्षागृहातल्या जबर काडतुसांची काजळी. पत्रिकेसाठी झाडलेल्या गोळ्यांचे मेण आणि शिसे. आणि या सगळ्यावर, समुद्रावरून येताना गंजू नये म्हणून दिलेला तेलाचा शेवटचा हात. पाट्याला कच असते, नळीला हे.

बंदुकीच्या पोटातला हा मळ क्षुल्लक समजू नये. दिवाळीत पोरांच्या टिकल्यांच्या पिस्तुलाची खटकी दोन दिवसांत काळीठिक्कर पडते, ते आपण पाहतोच. जुन्या काळ्या दारूचा तर असा लौकिक की, जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या नि काजळीच्या रूपाने मागे उरायचा. तोंडाकडून गोळी ठासायच्या बंदुकीत पाच-पंचवीस बार काढले, की पुढची गोळी आत उतरेना. मग त्यावर उपाय काय? काडतुसाला चरबी लावायची, म्हणजे गोळी सरकते आणि काजळी मऊ राहते. १८५७ सालची ती काडतुसाची चरबी आपण शाळेत सगळ्यांनी पाठ केली. पण ती चरबी मुळात लावलीच कशाला, हे मला कुठल्याही गुरुजींनी सांगितले नव्हते. नळीतला मळ आणि माणसाचा धर्म यांची गाठ अशी पडली होती आणि ती पाडणाऱ्यांना त्याची पर्वा नव्हती.

हे मला ठाऊक झाले ते १९७४ साली. मी तेव्हा कॉलेजात एन.सी.सी.मध्ये होते. आम्हां मुलींना गोळ्या झाडायला मिळत मोजून पाच, पण बंदुका पुसायला मिळत अगणित. दोरीला लावलेले ते वजन नळीतून सोडायचे, त्याला ‘फुलतरू’ म्हणत. हा ‘पुल-थ्रू’ आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्याच्या फासात चिंदी घालायची, चार इंच बाय दोन इंच, आणि एका दमात ओढायची. मग “जाँच शस्त्र!” असा पुकारा होई. उघड्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचे नख धरायचे, म्हणजे नखावरचा उजेड नळीत परततो आणि पुढून पाहणाऱ्याला आतले सारे दिसते. आमचे हवालदारसाहेब एक डोळा मिटून त्या नळीत असे पाहत, की जणू पलीकडे विश्वरूपदर्शन चालले आहे. ते नेहमी म्हणत, नळीकडे नंतर बघा, आधी चिंदीकडे बघा. चिंदी पिवळी आली तर तेल, काळी आली तर दारू, लाल आली तर गंज; आणि लाल आली तर तुमची सुटी रद्द. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याने नळीत एक क्षार उरत असे. मिठासारखा तो हवेतले पाणी ओढून घेई आणि रात्रीत गंज चढे. म्हणून गोळीबार झाला की नरसाळे लावून नळीतून उकळते पाणी ओतायचे. आताच्या काडतुसांत तो मसाला नाही. पण ‘आधी चिंदीकडे बघा’ हे माझ्या डोक्यात पक्के बसले आहे.

म्हणून तर त्या रात्री नात माझ्या खोलीत आली. जेवणे झाली होती, पागोळ्या गळत होत्या. तिच्या हातात मोबाईल आणि चेहरा असा, की मला वाटले, कुणी गेले की काय! “आजी, बाबांना सांगू नकोस. हे बघ.” पेन्सिलीपेक्षाही बारीक असा एक कॅमेरा मिळतो हल्ली. तो नळीत सारला, की आतले चित्र मोबाईलवर दिसते. मी पाहिले. नखाच्या उजेडात जी नळी मला आरशासारखी दिसली असती, ती या चित्रात भुयारासारखी दिसत होती. आत पीळ घातलेल्या खाचा. कुठे सोळा इंचांत एक वळसा, इतक्या हलक्या पिळाच्या. त्या खाचांची खोली केसाच्या जाडीहून फारशी अधिक नसते. मागे काडतूस बसते त्याच्या जरा पुढे एक काळे कडे दिसत होते. आणि पुढच्या तोंडापासून वीतभर आत, एका खाचेत, बोटाच्या पेराएवढी एक बारीक काळी रेघ.

“पेटी पावसात आठवडाभर गोदामात पडून होती,” ती म्हणाली. “गंजाने खाल्ले असेल तर? परत पाठवायची तर सहा महिने जातील. यंदाची स्पर्धा गेली. आणि बाबा...” पुढे ती बोलली नाही. दहा गुंठ्यांचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. पण तो सगळ्यांना ठाऊक असतो.

मी चष्मा पुसला. त्या रेघेकडे पाहता पाहता मला भलतेच आठवले. १९७८ साली मला ‘पाहायला’ मंडळी आली होती. चालवून झाले, वाचून झाले, सुईत दोरा ओवून झाला. इतक्यात त्यांच्यातल्या एका मावशींची नजर माझ्या कोपरावर गेली. “हा डाग कसला गं?” चुलीवरच्या तपेल्याचा चटका होता तो, लहानपणीचा. पण त्या एका प्रश्नाने माजघर असे गप्प झाले, की माझ्या आईच्या हातातले पोह्यांचे ताट हलू लागले. पाहणारा डाग शोधायलाच आला असेल तर त्याला डाग सापडणारच. तो कशाचा, कधीचा आणि त्याने काय अडते, हे विचारायला वेळ कुणाला असतो?

मी नातीला म्हटले, “पोरी, न पुसलेल्या नळीत काय दिसते त्यावर रडायचे नाही. आधी पुसू या. मग जे उरेल त्याचे काय ते बघू. आणि बाबाला लपवायचेही नाही. उद्या सांगू, पण काय सांगायचे ते कळल्यावर.”

जमिनीवर जुने चादरीचे पान अंथरले. तिने बोल्ट काढून बाजूला ठेवला, चेंबर रिकामे असल्याचे मला दाखवले, मी पुन्हा पाहिले. हवालदारसाहेबांची शिस्त! मग तिने मागच्या तोंडात एक पोकळ नळकांडे बसवले, गज आत जाताना कडेला घासू नये म्हणून. साफ करायचे ते मागून पुढे. पुढच्या तोंडाची कड म्हणजे नळीचे सर्वांत नाजूक ठिकाण. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो तिथे. ती कड एका बाजूने केसभर झिजली, तरी गोळी वाट सोडते. आमचा दोरीचा फुलतरू कडेला घासून कित्येक बंदुकींची तोंडे बिघडवी, असे तिने मला सांगितले. सांगो बापडी; आमचे वय झाले, आमच्या फुलतरूचेही झाले.

पहिली चिंदी पिवळट आली. तेल. दुसरी द्रावणात भिजवून घातली, ती करडी. तिसरी काळी कुळकुळीत, तव्याच्या बुडासारखी. मग काही न करता पाव तास बसायचे. द्रावणाने आतला कठीण थर मऊ व्हावा म्हणून. हा पाव तास फार मोठा असतो. बाहेर पाऊस, आत घड्याळ, आणि ती पोर मांडीवर हात ठेवून बसलेली. नेमबाजाला स्थिर बसायची सवय असते म्हणतात; त्या रात्री तिची नखे तिच्या तळव्यात रुतली होती.

मग तिने तारेचा ब्रश फिरवला आणि चौथी चिंदी काढली. ती काळी होती, आणि तिच्या कडेला निळसर हिरवी झाक होती. नात घाबरली. “हे काय नवीनच?” हा रंग मात्र मला अनोळखी नव्हता. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक राहिले की हाच रंग धरतो. “हा कळक आहे,” मी म्हटले, “तांब्याचा.” ती म्हणाली, “गोळी शिशाची, नळी पोलादाची. तांबे आले कुठून?” दोघींनी एकदमच त्या ब्रशकडे पाहिले. ब्रशाच्या तारा काशाच्या, त्यांत तांबे. आणि द्रावणात अमोनियाचा उग्र वास. द्रावण नळीबरोबर ब्रशालाही खात होते. क्लबच्या रायफलीला ती नेहमी नमद्याच्या गोळ्या वापरी, म्हणून हा रंग तिला कधी दिसला नव्हता. मला हसू आले. घासणाऱ्याचा मळ घासल्या जाणाऱ्याच्या नावावर जमा होतो, हे माणसांत तर नेहमीच पाहते. बंदुकीत पहिल्यांदाच पाहिले.

ब्रश बाजूला ठेवला. पाचवी चिंदी करडी, सहावी फिकी. पुन्हा द्रावण, पुन्हा थांबणे. सातवी, आठवी. नववी पांढरी आली. अकरा वाजून गेले होते. मी सगळ्या चिंद्या चादरीवर ओळीने मांडल्या, वाळवणाच्या पापडासारख्या, आणि दिव्याखाली एकेक उचलून पाहिली. पिवळी होती, करडी होती, काळी होती, निळी होती. लाल एकही नव्हती.

“आता घाल तुझा कॅमेरा,” मी म्हटले.

मागचे काळे कडे गेले होते. तिथे लख्ख पोलाद चमकत होते. ते परीक्षागृहाचे नि पत्रिकेच्या गोळ्यांचे जमलेले मेण-काजळ होते. पुढची रेघ मात्र होती. पण आता ती काळी नव्हती. तिच्यात बसलेला मळ निघून गेला होता आणि ती आजूबाजूच्या धातूसारखीच उजळ दिसत होती. मी मोबाईल जवळ घेऊन पाहिली. गंज लोखंडाला खातो तो उंदरासारखा, वेडावाकडा, कुठे खोल कुठे उथळ. ही रेघ दोन्ही कडांना स्वच्छ होती आणि खाचेच्या पिळाबरोबर पीळ घेत गेली होती. नळीला पीळ देणाऱ्या हत्याराची ती खूण होती.

“म्हणजे ही कधीची?” मी विचारले.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग उठून पेटीतली ती जाड पट्टी घेऊन आली. तिला उलगडा झाला होता आणि तो तिचा तिलाच व्हायला हवा होता. रेघ नळीबरोबर जन्मली होती. पट्टीवरच्या दहा गोळ्या त्यानंतर झाडलेल्या. म्हणजे त्या दहाही गोळ्या या रेघेवरून गेल्या होत्या आणि तरी एकाच भोकात पडल्या होत्या.

“ही पोर जन्मली तेव्हाची गोष्ट,” मी तिलाच तिची गोष्ट सांगू लागले. तिच्या कमरेवर जन्मतः एक निळा डाग होता, तळहाताएवढा. माझी सून बावीस वर्षांपूर्वी त्या डागाकडे पाहून दवाखान्यात रडली होती. कुणी पाडले, कुणी दाबले, म्हणून. आपल्याकडे पुष्कळ मुलांना असा डाग असतो आणि तो तीन-चार वर्षांत आपोआप विरून जातो, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. डाग विरला. पण डाव्या कानाखाली एक तीळ होता, तो राहिला. लहानपणी ती तो साबणाने घासून काढायला बघे.

नातीचा हात नकळत कानाखाली गेला.

आणि भिंगाचेही एक आहे. भिंगातून पाहिली तर कुणाच्याही गालाची कातडी चंद्रासारखी दिसायची. या नव्या कॅमेऱ्यांनी जगातल्या साऱ्या उत्तम नळ्यांतल्या रेघा माणसाला दाखवल्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ नळ्या त्या रेघांसह सामने जिंकत आहेत. काय पाहायचे याला जशी दृष्टी लागते, तशी किती जवळून पाहायचे यालाही लागते. पण म्हणून न पाहता सोडून द्यावे, असे मी म्हणणार नाही. गंज असता तर? तो पुसण्यावाचून कळला नसता. डाग आणि तीळ न धुतलेल्या अंगावर सारखेच दिसतात.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना तिने बापाला सांगितले. कॅमेऱ्यात दिसले ते, चिंद्यांचे आणि रेघेचेही. तो खाली मान घालून ऐकत होता.

“गंज हाय?” त्याने विचारले.

“नाही.”

“नेम धरते?”

“कागद तर तसंच सांगतो.”

“मग जेव.”

एवढेच. पण त्याच्या पुढच्या दिवशी संध्याकाळी पांढऱ्या मऊ सुती कापडाचा एक गठ्ठा तिच्या टेबलावर होता, चार इंच बाय दोन इंचाचे तुकडे करून, एकावर एक नीट रचलेला. कातर कुणी चालवली, हे आम्ही विचारले नाही.

नळी स्वच्छ झाली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. रेंजवरून पहिल्या दिवशी ती आली ती गोंधळलेली. पहिल्या दहा-बारा गोळ्या इकडे-तिकडे पडल्या, मग हळूहळू एकत्र येऊ लागल्या. तिच्या प्रशिक्षकांनी सांगितले, हे असेच असते. या बारीक गोळ्यांना वरून मेण-चरबीचा हात दिलेला असतो. त्याचा पातळ सारखा थर नळीत बसला, की प्रत्येक गोळीला तीच वाट मिळते. मला त्यात नवल वाटले नाही. बिडाचा तवा घासून घासून चकचकीत केला, तर त्यावर पहिला घावन चिकटणारच. तवा मुरावा लागतो. कारखान्याचा मळ काढायचा आणि आपल्या हाताचा चढू द्यायचा, एवढाच काय तो नव्या वस्तूला आपली करण्याचा विधी. फार मळ नको, फार लख्खपणाही नको. मध्ये कुठे थांबायचे, ते तवा सांगतो, नळीही सांगते.

नवरात्र आले. खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कातर, मुलाचे पान्हे, सगळ्यांची पूजा होते. रायफलही मांडली होती. मी हळद-कुंकू घेऊन पुढे झाले, तशी नात आडवी आली. “आजी, नळीवर नको! कुंकू आत गेलं तर?” शेवटी हळद-कुंकू पेटीच्या झाकणाला लागले आणि झेंडूचे फूल कुलपावर बसले. शस्त्राला इतके सोवळे असते, हे मी या वयात शिकले.

पेटीशेजारी तिने दोन कागद ठेवले होते. एक कारखान्यातली ती पत्रिका, दुसरा आदल्या दिवशीचा तिचा स्वतःचा. तिच्या दहा गोळ्यांचेही एकच भोक झाले होते, पण पत्रिकेवरच्यापेक्षा अंमळ मोठे. मी दोन्ही कागद शेजारी धरले आणि काही न बोलता तिच्याकडे पाहिले.

“तिथे लोखंडी पकडीत धरून झाडतात, आजी,” ती म्हणाली. “इथे मी धरते. नळीचं काम तेवढं. राहिलेला फरक माझा.”

दुसऱ्या दिवशी दसरा होता, रेंज बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी जागी झाले, तेव्हा तिच्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी पोचला होता.